पन्नासावी घंटा

एका राज्यात सारंगधर नावाचा घंटा ओतणारा कारागीर आणि त्याची बायको कुमुदा राहत होती. त्याच्या घंटेचा नाद सात कोस जाई आणि तिची किंमत तो पाच नाणी सांगे. पाचच का? तर बाप पाच घेत असे म्हणून!

एके दिवशी कपर्दिक नावाचा मांत्रिक दुकानी आला. म्हणाला, "कारागिरा, महिन्यातली कितवी घंटा विकली की तुझा ना नफा ना तोटा?"

सारंगधर हसला. "महाराज, ते कोण मोजत बसतो? हात चालतात, पोट भरतं."

"कुणाचं?" असं म्हणून मांत्रिकाने काठी आपटली. सारंगधर गुडघ्यापर्यंत पितळेचा झाला.

"कुमुदे, आकडा तू सांग. तीन संधी देतो. चुकलीस तर पितळ वर चढेल. तिसऱ्यांदा चुकलीस तर नवरा गेला म्हणून समज."

छपरावरची साळुंकी बोलली, "बाई, आधी दाराला विचार, मग भट्टीला, मग चुलीला."

कुमुदाने दाराला विचारलं. दार म्हणालं, "भाडं आणि राजाचा भट्टीकर मिळून महिन्याला एकशेवीस नाणी. घंटा विको न विको, मला त्याचं सोयरसुतक नाही."

पाच पाच नाण्यांनी एकशेवीस भरायला किती घंटा लागतील, ते तिने घाईघाईने मोजलं. पुढे विचारायला ती थांबलीच नाही. "चोविसावी!" पितळ कमरेपर्यंत चढलं.

मग ती भट्टीकडे धावली. भट्टी म्हणाली, "दर घंटेमागे दोन नाण्यांचं पितळ आणि कोळसा मी खाते. ते कोण धरणार?"

म्हणजे पाचातली तीनच हाती उरतात. "चाळिसावी!" पितळ गळ्याशी आलं. सारंगधर नुसता डोळ्यांनी तिच्याकडे पाहत राहिला.

आता उरली चूल. पण कुमुदाचा पाय उचलेना. चूल काय सांगणार, ते तिला ठाऊक होतं, आणि नवऱ्याने ते ऐकू नये म्हणून ती तीन वर्षं जपत आली होती. बिचारी! तरी गेली.

चूल म्हणाली, "दोघांच्या जेवणाला महिन्याला तीस नाणी लागतात. तुम्ही पंचेचाळीस घंटा विकता. दार आणि भट्टी यांचं भागलं की पंधराच उरतात. त्यात एकाचंच शिजतं. धन्याला वाटतं, बाईचं व्रत आहे."

कुमुदा मांत्रिकासमोर उभी राहिली. "एकशेवीस दाराची, तीस चुलीची. दर घंटेमागे तीन. महाराज, पन्नासावी."

पितळ खळाखळा गळून पडलं. सारंगधर मोकळा झाला तो तिथेच बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"तीन वर्षं! मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," कुमुदा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

मांत्रिक सहा नाणी ठेवून एक घंटा घेऊन गेला. दुसऱ्या दिवसापासून सारंगधरने तोच भाव धरला. गिऱ्हाइकं कुरकुरली, पण घंटा नेत राहिली. आता अडतिसाव्या घंटेलाच सगळं भागू लागलं.

ती अडतिसावी घंटा विकण्याआधी सारंगधर दर महिन्याला एकदा वाजवतो. सात कोसांतले लोक ती ऐकतात आणि म्हणतात, कुमुदाबाई जेवायला बसल्या. आणि सारंगधर? तो रोज आधी तिला वाढतो, आणि तिचं पोटभर झाल्याशिवाय स्वतः घास घेत नाही.