पिंजी तळाशी बसते

ही गोष्ट सांडपाण्याची आहे, म्हणून चारचौघांत सांगायची नाही असं आईने बजावलंय. तरी सांगते.

एका गावाच्या सांडपाण्याच्या टाकीत जिवाणू एकमेकांना बिलगून, मोहरीएवढे गोळे करून राहत आणि घाण खात. नवी आलेली पिंजी मात्र एकटीच तरंगे. म्हणे, “गोळ्यात कोण घुसमटणार?”

खाणं संपलं की टाकीत खालून सोडलेले हवेचे बुडबुडे थांबत, गोळे झटकन तळाशी बसत आणि वरचं पाणी नदीत सोडलं जाई. तरंगणारे वाहून जात. त्या दिवशी बुडबुडे थांबले, तशी पिंजी घाबरली. शेजारून खाली निघालेल्या गोळ्यातल्या म्हातारीला म्हणाली, “आजी, धरा मला.”

“हवा लागते ना तुला? मग बाहेरून चिकट. हवा नको असणारे आत बसतात.”

दोघी तळाशी टेकल्या. वर पाणी नितळ झालं होतं.

“हे आपण केलं?” पिंजीने विचारलं.

म्हातारी हसली. “आता ‘आपण’ म्हणालीस, म्हणजे तू आता गोळ्यातलीच…” आले गं आई, हे एवढं सांगून होऊ दे