खांद्यावरचा टॉवेल

एका गावात रंगनाथ काशीद नावाचा माणूस सलून चालवायचा. सगळे त्याला रंगामामा म्हणत. त्याचा हात हलका होता आणि धंद्याचा एक नियम पक्का होता. गिऱ्हाईक खुर्चीत डुलक्या घ्यायला लागलं की तो वस्तरा लगेच वर उचलायचा. "मान ढळली की हात थांबलाच पाहिजे," तो म्हणायचा.

रंगामामाला बॉक्सिंगचं वेड होतं. सातासमुद्रापलीकडे शनिवारी रात्री मोठ्या लढती होत, तेव्हा गावात रविवारची सकाळ असे. दाढीला आलेली माणसं भिंतीवरच्या टीव्हीसमोर बसत आणि दाढी झाली तरी उठत नसत. झगा पांघरलेला खेळाडू रिंगकडे चालू लागला की रंगामामाच्या अंगावर काटा येई. कुणाचे पाय आधी जड होणार, कुणाचा डावा हात खाली घसरणार, हे तो आधीच सांगे. शेवटची घंटा झाली आणि एकमेकांना झोडपलेले दोघे गळ्यात पडले, की तो डोळे पुसायचा. "बघा, एवढं मारून मनात राग नाही. आपल्याकडे बांध फूटभर सरकला तर तीन पिढ्या बोलत नाहीत!"

एक गोष्ट मात्र त्याला सहन होत नसे. आपला खेळाडू फार मार खातोय असं दिसलं, की कोपऱ्यात उभा असलेला त्याचा माणूस रिंगमध्ये टॉवेल टाकतो. लढत तिथेच थांबते आणि हार पत्करावी लागते. असं झालं की रंगामामा गिऱ्हाइकाच्या गळ्यातला टॉवेल ओढून जमिनीवर आपटायचा. "भित्रा!" मग सगळं सलून एका तालात ओरडायचं, "भित्रा! भित्रा!" साबण लावलेलं गिऱ्हाईकसुद्धा ओरडायचं. रक्त दुसऱ्याचं वाहत असताना खुर्चीत बसून शूर व्हायला काय लागतं? पण हे त्यांना सांगणार कोण?

त्याच गावात नसीम मुलाणी नावाची मुलगी होती. लहानपणी वडिलांबरोबर सलूनमध्ये येऊन तिने त्याच टीव्हीवर पहिली लढत पाहिली होती. पुढे फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदार खोतांनी तिला शिकवलं आणि ती व्यावसायिक बॉक्सर झाली. आता पुण्यात तिची मोठी लढत ठरली होती. जिंकली तर परदेशात खेळायची संधी होती. नेमके तेव्हाच हवालदार डेंग्यूने दवाखान्यात पडले.

नसीम सलूनमध्ये आली. "मामा, माझ्या कोपऱ्यात तुम्ही उभे राहा. लढत कळणारा गावात दुसरा कोण आहे?"

रंगामामा हरखला. हवालदारांना भेटायला गेला, तर ते खाटेवरून म्हणाले, "रंगा, पाणी दे, बर्फ लाव आणि पोरीच्या डोळ्यांकडे बघ. लोकांकडे बघू नकोस. टॉवेल तुझ्याकडे आहे."

"हवालदार, तो खांद्यावरून खाली यायचाच नाही!"

लढतीला अख्खं सलून टेम्पो करून पुण्याला आलं. नसीमने सुरुवात झकास केली. मध्येच तिची भुवई फुटली, तेव्हा रंगामामाने खिशातून तुरटी काढली.

"काका, ती दाढीला," पंच हसून म्हणाले. "इथे नको."

मग त्याने कापूस दाबून धरला आणि रक्त थांबवलं. त्याची छाती फुगली.

पुढच्या फेरीत नसीमच्या कानशिलावर एक ठोसा बसला. ती पडली नाही, पण स्टुलावर येऊन बसली तेव्हा तिने विचारलं, "मामा, कितवी फेरी?" त्याने सांगितलं. पाण्याचा घोट घेऊन तिने पुन्हा विचारलं, "मामा, कितवी फेरी?"

रंगामामाचा हात खांद्याकडे गेला. तेवढं मात्र तिला दिसलं. "टॉवेल टाकलात तर तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही!"

घंटा झाली. नसीम उठली. टेम्पोतली माणसं तिच्या नावाने गर्जत होती. रंगामामाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो तिच्या डोळ्यांकडे पाहत होता. ते कुठेच पाहत नव्हते. समोरच्या मुलीचा हात उगारला गेला आणि नसीमची मान खुर्चीत डुलकी लागलेल्या माणसासारखी किंचित ढळली.

रंगामामाचा हात आपोआप उठला. टॉवेल रिंगमध्ये पडला.

मग त्यानेच शिकवलेल्या तालात आवाज आला, "भित्रा! भित्रा!"

डॉक्टरांनी नसीमला तपासलं. "मेंदूला धक्का बसलाय. आणखी एक ठोसा बसला असता तर मी काहीच सांगू शकलो नसतो. लढत कुणी थांबवली?" रंगामामा टॉवेलची घडी घालत होता.

त्यानंतर रविवारी सलून रिकामं राहू लागलं. माणसं मारुतीच्या देवळाजवळच्या दुकानात जाऊ लागली. रंगामामा एकटाच लढती बघे. टॉवेल पडला की कोपऱ्यातल्या माणसाचं तोंड दिसतंय का, म्हणून टीव्हीजवळ जाई.

काही महिन्यांनी एका सकाळी नसीम दारात उभी राहिली.

"पायरी चढणार नव्हतीस ना?"

"चढले कुठे? उडी मारून आले." ती खुर्चीत बसली. "केस बारीक करा, मामा. डॉक्टरांनी परवानगी दिलीय. परत त्याच मुलीशी लढायचंय."

"कोपऱ्यात हवालदार असतील ना आता?"

"असतील. टॉवेल तुमच्याकडे."

"लोक हसतील गं."

"हसू देत. माझ्यासाठी शिव्या खाणारा माणूस मागे उभा आहे, एवढं कळलं की मला पुढे जायची भीती वाटत नाही."

त्या लढतीत टॉवेल खांद्यावरून हलला नाही. शेवटची घंटा झाली, पंचांनी नसीमचा हात उंचावला, आणि तिने मामाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घाम पुसला.

पुढच्या रविवारी माणसं एकेक करून, काही झालंच नाही अशा थाटात सलूनमध्ये येऊन बसली. टीव्हीवरच्या लढतीत कुणीतरी टॉवेल टाकला. सगळ्यांनी रंगामामाकडे पाहिलं. मग अर्ध्या दाढीच्या एकाने टाळी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवली.

तात्पर्य: आपल्या माणसासाठी भित्रा ठरायची ज्याची तयारी असते, त्याच्याच बळावर लढणारा निर्भय होतो.