उभी वाटणी

एकदा एका डोंगरउतारावरच्या गावात दोन भावांची वाटणी निघाली. थोरला गेनू, धाकटा येसू. वडील गेल्यावर वर्षभरात दोघांचे बोलणे तुटले होते. बैलजोडीही फुटली होती. ज्याच्या त्याच्या गोठ्यात एकेक बैल. राहिले होते शेत. ते चुकीचे वाटले गेले, तर हे वैर नातवंडांपर्यंत पोचणार हे सारा गाव जाणून होता.

गावातले वाद मिटवणाऱ्या वृद्ध बाबांनी हे काम आपल्या शिष्यावर सोपवले. शिष्य हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्यालाही चांगलेच ठाऊक. त्याने दोरी धरून शेत मोजले. वर डोंगराकडे मुरमाड जमीन, खाली ओढ्याकडे काळी. मध्ये त्याने आडवी रेघ ओढली. वरची जमीन हलकी म्हणून वरच्या वाट्याला थोडी जास्त दिली. हिशोब चोख होता. दोघा भावांनी माना डोलावल्या, पण चेहरा एकाचाही खुलला नाही.

बाबांनी ती रेघ पायाने पुसून टाकली. शिष्याचा चेहरा उतरला.

"गेनू, येसू, ओढ्यावरून एकेक घागर भरून शेताच्या माथ्यावर आणा," बाबा म्हणाले.

खालचे पाणी वर वाहून न्यायचे, हा कुठला न्याय? शिष्य मनात चरफडला. भाऊ मुकाट्याने घागरी घेऊन चढले. माथ्यावर, अगदी मधोमध, बाबांनी दोन्ही घागरी एका जागी ओतवल्या. पाणी क्षणभर घुटमळले आणि उताराला लागले. ते जिरेपर्यंत बाबा त्याच्या मागून खुंट्या ठोकत गेले आणि तीच दिशा धरून थेट ओढ्याशी थांबले. शेताच्या उभ्या दोन पट्ट्या झाल्या. लांबच लांब आणि चिंचोळ्या.

"बाबा, माझी वाटणी कुठं चुकली?" शिष्याने विचारले.

"तू जमीन मोजलीस, पण साल नाही मोजलंस," बाबा म्हणाले. "पाऊस मोप झाला की खालची काळी पाण्यानं चिबडते, तेव्हा वरचा मुरूम तारतो. पाऊस रुसला की मुरूम करपतो, मग काळीच पोट भरते. तुझ्या वाटणीत एक भाऊ पाऊस मागणार, दुसरा उघडीप मागणार. देवानं कुणाचं ऐकायचं? भावाच्या वाइटात ज्याचं भलं, त्याचं मन किती दिवस चांगलं राहील? आता दोघांकडंही माथा आहे, दोघांकडंही ओढा आहे. हसतील तर दोघं, रडतील तर दोघं."

शिष्य खजील झाला, पण शंका काही फिटेना. "बाबा, उतारावर नांगर आडवाच धरावा लागतो, नाहीतर सगळी माती ओढ्यात जाईल. एवढ्याशा रुंदीत बैल चार पावलं चालला की वळवावा लागणार!"

बाबा हसले. "मग वळवू नये. जाऊ द्यावा सरळ पलीकडं. खुंटी माणसाला दिसते, बैलाला नाही."

येसू रिकाम्या घागरीकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, माझा बैल जोडीत डावीकडंच चालतो."

"मला सांगतोस?" गेनू म्हणाला. "मीच शिकवलंय त्याला."

शिष्याने मान वर केली. समोरच्या डोंगरावर गावोगावची शेते माथ्यापासून ओढ्यापर्यंत उभी पसरली होती. त्या चिंचोळ्या पट्ट्यांना तो आजवर अडाण्यांचा कारभार म्हणून हसत आला होता. आज प्रथमच त्याला त्यांवरची नांगराची आडवी तासे दिसली. एका शेतातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, कुठेही न तुटता ती गेली होती. किती पिढ्यांनी, किती भांडणे गिळून, हा अख्खा डोंगर असा एकमेकांत ओवला असेल! ज्यांची नावेही उरली नाहीत, त्यांनी नातवंडांच्या नातवंडांना वैर करायला जागाच ठेवली नव्हती.

त्याने मोजणीची दोरी गुंडाळली, चपला काढल्या आणि शेतात निघालेल्या दोघा भावांच्या मागोमाग तोही चालू लागला.