पहिला झोका साहेबांचा

बागेतल्या दोनपैकी एका झोपाळ्याची गंजलेली साखळी तुटली आणि मालनबाई ढवळे यांच्या नातीचा हात मोडला. अर्ज-विनंत्या झाल्या, पण नगरपालिका ढिम्म. उलट बागेला नवी कमान बांधली आणि उद्घाटनाला नगराध्यक्ष आले.

"इतकी सुरक्षित बाग अख्ख्या जिल्ह्यात नाही!" त्यांनी ठणकावून सांगितलं.

मालनबाई पुढे झाल्या. "मग साहेब, उरलेल्या झोपाळ्यावर पहिला झोका तुम्हीच घ्या."

साहेबांनी साखळीकडे पाहिलं आणि ते मागे सरकले. "अहो बाई, मी पडलो म्हणजे?"

"तर उद्याच दुरुस्ती होईल, साहेब. आमची लेकरं पडून होत नाही."

लोक खदखदून हसले. मालनबाईंना मात्र हसू फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पालिकेची माणसं खरंच आली आणि तोही झोपाळा उपटून घेऊन गेली.