एका हाताचं पिस्तूल

करंजखिंडीच्या माथ्यावर एक चौकी होती आणि त्या चौकीला दोन पहारेकरी होते. एकाचं नाव हैबती, दुसऱ्याचं भैरू. दोघांच्यात पिस्तूल मात्र एकच. संस्थान लहान, तेव्हा हत्यारंही मोजकीच. आज हैबतीचा पहारा, उद्या भैरूचा, असं दिवसाआड चालायचं. सकाळी एकानं दुसऱ्याच्या हातात पिस्तूल द्यायचं, रामराम करायचा आणि खिंड उतरून घरी जायचं.

काम साधं होतं. त्या खिंडीत अस्वलांचा वावर फार. कुणी वाटसरू आला की पहारेकऱ्यानं अर्धी खिंड त्याच्या सोबतीनं उतरायची, आणि अस्वल आडवं आलंच तर आभाळाकडे एक बार काढायचा. आवाजानं अस्वल पळतं. कुणाला मारायचं नव्हतंच. एक बार वेळेवर निघाला की झालं.

भैरू वयानं मोठा. तरुणपणी उतारावर घसरणारी गाडी अडवताना त्याच्या उजव्या हाताची बोटं चाकाखाली चिरडली होती. तेव्हापासून त्याचं जेवणसुद्धा डाव्या हातानं, आणि बारही डाव्याच हातानं. हैबतीला हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. सात वर्षं तो त्याच डाव्या हातात पिस्तूल देत आला होता.

हैबती वाईट माणूस नव्हता, हेही सांगून टाकतो. कामाला चोख, नेम पक्का. पण हौस भारी. पटका बांधायला त्याला भाकरी भाजून होईल एवढा वेळ लागायचा.

आता खोटं कशाला बोलू, पिस्तुलाची जुनी मूठ वाईटच होती. चिरलेली, सुतळीनं आवळलेली, पावसात हातातून निसटायची. ती बदलायला हवी होती यात वाद नाही. पण हैबतीच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. खंडेनवमी जवळ आली होती. त्या दिवशी संस्थानातली सगळी हत्यारं कचेरीसमोर पूजेला मांडत. कारभारी एकेक हातात घेऊन बघत आणि ज्याचं हत्यार नजरेत भरेल त्याला शेला बांधत. मागच्या वर्षी करंजखिंडीचं पिस्तूल त्यांनी उचललं आणि काही न बोलता खाली ठेवलं. ते हैबतीच्या मनाला लागलं होतं.

म्हणून तो बाजारच्या गावी दस्तगीर शिकलगाराकडे गेला. तलवारींना पाणी द्यावं, बंदुका दुरुस्त कराव्यात, तर त्यानंच. दस्तगीरनं पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं.

"नळी घासून देतो," तो म्हणाला. "घोड्याची कमान ढिली झालीय, ती नवी घालतो. मूठ साधी, सरळ लाकडाची बसवतो. एवढं केलं की बार कधी चुकायचा नाही."

"साधी नको, चाचा. शिसवाची करा. बोटांना खाचा, अंगठ्याला टेकण, तळव्याला उठाव. धरली की हातात रुतून बसली पाहिजे."

"तशी करता येते. पण मापानं कोरलेली मूठ एकाच हाताची होते. दुसऱ्याला टोचते. हे पिस्तूल किती जण वापरतात?"

उत्तर हैबतीला येत होतं, पण दिलं त्यानं दुसरंच.

"मी एकटाच," तो म्हणाला आणि आपला उजवा हात मापासाठी पुढे केला.

मूठ झाली, आणि कशी झाली म्हणून सांगू. काळीभोर, गुळगुळीत, वर चांदीची दोन फुलं. हैबतीनं पिस्तूल धरलं की ते हाताचाच एक भाग वाटायचं. पहिल्याच दिवशी त्यानं पन्नास पावलांवरचं मडकं फोडलं. दुसऱ्या सकाळी भैरू चौकीवर आला, तेव्हा हैबतीनं पिस्तूल त्याच्या हातात दिलं आणि तो काय म्हणतो याची वाट बघत उभा राहिला.

भैरूनं ते डाव्या हातात धरून पाहिलं. पकड बदलली. पुन्हा धरून पाहिलं. अंगठ्याचं टेकण नको तिथे बोटांखाली येत होतं, तळव्याचा उठाव भलतीकडे टोचत होता, आणि बोट चापापर्यंत काही पोचत नव्हतं.

"देखणी झालीय," तो म्हणाला. "जरा उजवीकडची झालीय, एवढंच."

"होईल सवय, भैरूदादा," हैबती हसत म्हणाला आणि खिंड उतरायला लागला.

भैरू पुन्हा त्याबद्दल बोलला नाही. पण त्या दिवसापासून तो पहाऱ्यावर येताना एक जाड काठी आणू लागला. हैबतीनं काठी पाहिली. काठी कशासाठी, हे विचारावं असं त्याला वाटलं नाही. उलट गावच्या पारावर बसून त्यानं चारचौघांत सांगितलं, की भैरूदादा आता म्हातारा झाला, पिस्तूल असून काठी टेकतो. लोक हसले. हैबतीही हसला.

खंडेनवमीला व्हायचं तेच झालं. कारभाऱ्यांनी पिस्तूल उचललं, उजव्या हातात धरलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "हत्यार ठेवावं तर असं," ते म्हणाले आणि हैबतीला शेला बांधला. भैरू गर्दीत उभा होता. त्यानंही टाळ्या वाजवल्या.

मग थंडी पडली, बोरं पिकली. बोरांना अस्वलं येतात. त्या दिवशी पहारा भैरूचा होता. दुपार कलती झाली असेल. गोदाक्का कासारीण काचेच्या बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन चौकीशी आली. दर महिन्याला ती याच वाटेनं जायची. भैरू तिच्या सोबत खाली निघाला. दुसऱ्या वळणावर बोरीच्या जाळीतून अस्वल बाहेर आलं आणि दोन पायांवर उभं राहिलं.

भैरूनं गोदाक्काला मागे ढकललं आणि डावा हात वर केला. मूठ तळव्यात टोचली, पिस्तूल वाकडं झालं, बोट चापाला लागेना. त्यानं ते उजव्या हातात घेतलं. त्या हाताची बोटं मिटतच नव्हती, तर चाप कुठून ओढणार. पिस्तूल खाली पडलं. मग तो काठी घेऊन अस्वलाच्या पुढे झाला. अस्वलानं त्याला खाली पाडलं आणि त्याचा डावा खांदा फाडला.

गोदाक्कानं डोक्यावरची टोपली उचलून दगडावर आदळली. साऱ्या बांगड्या एकदम फुटल्या, तो आवाज खिंडीत घुमला आणि अस्वल पळालं. भैरूचा जीव वाचला तो त्या बाईमुळे. संस्थानचं नटवलेलं पिस्तूल धुळीत पडून होतं.

आठ दिवसांनी कारभारी चौकशीला चौकीवर आले. भैरूला बाजेवर घालून आणलं होतं. त्याची बायको सगुणा उशाशी बसली होती. गाव जमलं होतं.

"एवढं उत्तम हत्यार हातात असून बार निघाला नाही?" कारभाऱ्यांनी विचारलं. मग ते हैबतीकडे वळले. "पिस्तुलात काही खोट आहे?"

"नाही, सरकार," हैबती म्हणाला.

"चालवून दाखव."

समोर मडकं ठेवलं. हैबतीनं उजव्या हातात पिस्तूल धरलं, चाप ओढला, मडक्याच्या ठिकऱ्या झाल्या. कुणीतरी वाहवा म्हणालं. हैबतीनं पिस्तूल खाली घेतलं, तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण काय केलं. तो बार त्यानं भैरूविरुद्ध साक्ष म्हणून काढला होता. आता तरी बोलावं असं त्याच्या मनात आलं. अंगावर तोच शेला होता. तो बोलला नाही.

"चूक माझीच, सरकार," बाजेवरून भैरू म्हणाला. "ऐन वेळी हात थरथरला."

"मग भैरूचं नाव चौकीवरून कमी करा," कारभारी कारकुनाला म्हणाले. "भित्रा माणूस खिंडीत नको."

सगुणानं पदर तोंडाला लावला. सात वर्षं, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं भैरूनं ती खिंड राखली होती. आता त्याला भित्रा म्हणून घरी पाठवत होते, तेही सगळ्या गावासमोर.

तेव्हा गोदाक्का पुढे आली. "सरकार, मी बांगड्या विकणारी बाई, मला हत्यारातलं काही कळत नाही. पण ते एकदा डाव्या हातात धरून बघा."

कारभाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी पिस्तूल घेतलं आणि डाव्या हातात धरलं. एकदा धरलं, दोनदा धरलं. बोट चापापर्यंत नेऊन पाहिलं. जमलं नाही. त्यांनी भैरूच्या चिरडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग हैबतीकडे.

"तुला ठाऊक होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. हैबतीच्या ओठांवर ते आलंही असेल.

"होतं," तो म्हणाला. "शिकलगारानंही विचारलं होतं. मी खोटं बोललो. भैरूदादानं सांगितलं, तर हसण्यावारी नेलं. पारावर त्याच्या काठीची टिंगल केली ती मीच."

त्यानं शेला सोडला आणि कारभाऱ्यांच्या पुढे ठेवला. कारभाऱ्यांना तो उचलवेना. बांधला त्यांनीच होता, आणि हे हत्यार कुणाकुणाच्या हातात जातं हे विचारायचं त्यांनाही सुचलं नव्हतं. "भैरूचं नाव राहू द्या," ते खाली बघत म्हणाले. हैबतीला त्यांनी शिक्षा सांगितली नाही. शिक्षा झाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

हैबतीनं ती मूठ काढली. दस्तगीरकडे जाऊन सगळं खरं सांगितलं आणि साध्या लाकडाची, सरळ, कुठल्याही हातात बसेल अशी मूठ करून आणली. पहिल्यांदा ती भैरूला दाखवायची म्हणून तो त्याच्या घरी गेला. सगुणा नवऱ्याला भाकरीचे घास भरवत होती. एक हात आधीच गेलेला, दुसरा अजून खांद्यापासून उचलत नव्हता. हैबतीला बघून तिनं या म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही.

हैबतीनं पिस्तूल भैरूच्या डाव्या तळव्यावर ठेवलं. "बघ भैरूदादा, आता बसतंय का."

भैरूनं बोटं मिटायचा प्रयत्न केला. ती अर्धीच मिटली. "बसेल," तो म्हणाला. "हात जरा बरा होऊ दे." मग त्यानं विचारलं, "आणि ती शिसवाची कुठाय?"

"चुलीत घातली."

"कशाला घातलीस? देखणी होती रे. तुझ्या हाताला किती छान बसली होती."

तो मनापासून बोलत होता. हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगुणानं पुढचा घास केला, आणि हैबती दारातच उभा राहिला, कारण त्या घरात त्याला बसवेना.

तात्पर्य म्हणाल, तर एवढंच: हत्यार असो की आणखी काही, जी वस्तू अनेकांच्या भरवशाची आहे तिच्यात सुधारणा करण्याआधी ती आणखी कुणाकुणाच्या हाती जाते ते विचारावं. जिच्यामुळे आपली छाती फुगते आणि सोबत्याचा हात लुळा पडतो, ती सुधारणा नव्हे.