नदीत धुतलेली भिक्षा

“म्हणजे मी लोकांच्या दारात उभं राहून अमुकच वाढा म्हणायचं?” मार्तंडाने विचारलं.

“दारात तर रोजच उभा राहतोस,” बुवा म्हणाले.

“मी भिक्षा मागतो. पदार्थ मागत नाही.”

बुवांनी भाकरीचा तुकडा मोडला, हिरव्या ठेच्यात घोळवला आणि तोंडात टाकला. डोळ्यांना पाणी आलं तरी पुन्हा हात ठेच्याकडेच गेला. मार्तंडाने मान वळवली. गुरूंनी असं मिटक्या मारत जेवावं हे त्याला मनातून पटत नसे.

वेदगंगेच्या काठचा तो लहानसा मठ. मठात चूल नव्हती. गुरू-शिष्य दोघंही गावातून माधुकरी आणत आणि तीच जेवत. झोळीत पडेल ते घ्यायचं, त्याला नावं ठेवायची नाहीत, असा बुवांचा नेम होता. भिक्षा अर्थातच शाकाहारी. मठाच्या वाट्याचं म्हणून गावातल्या बायका कांदा-लसूणही टाळत.

त्यात मार्तंडाला संग्रहणी जडली. खाल्लेलं पोटात टिकेना, अंगी लागेना. आप्पा वैद्यांनी नाडी पाहिली आणि पथ्य सांगितलं. मऊ भात, ताजं ताक आणि मुगाचं पातळ कढण. उसळी बंद, भाकरी बंद, कच्चं काही नको, आणि मिरची तर दृष्टीसही पडता कामा नये.

“मांसमच्छी आमच्याकडे नाहीच. आता उसळी गेल्या, भाकरी गेली. मग उरलं काय?” मार्तंडाने चिडून विचारलं होतं.

“तुम्ही उरता,” वैद्य म्हणाले. “आणि ऐकलं नाहीत तर होळीच्या आत चार खांदेकरी शोधावे लागतील.”

मार्तंडाने यावर आपल्या बुद्धीने तोड काढली. पूर्वीचे बैरागी झोळी नदीत बुडवून मग जेवत, जिभेचे चोचले मोडावेत म्हणून. मार्तंडही भिक्षेची झोळी पाण्यात बुडवून खळबळून काढू लागला. तिखट वाहून जाईल, पोट वाचेल, आणि कोणापुढे तोंड वेंगाडायलाही नको.

घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी ते पाहिलं. झालं! धाकट्या महाराजांनी जीभ जिंकली, ही वार्ता तिन्हीसांजेच्या आत गावभर झाली. परगावचे लोकही झोळी बुडताना पाहायला येऊन बसू लागले. वाकून नमस्कार करू लागले.

मार्तंड कोणाशी खोटं बोलला नाही. फक्त खरं बोलला नाही, एवढंच. पोटात आतडी पिळवटत असताना चेहरा शांत ठेवणं त्याला चांगलं जमू लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर, त्यात त्याला गोडीही वाटू लागली होती.

मात्र तो दिवसेंदिवस खंगत चालला होता. छाटी कमरेवर ठरत नव्हती.

“भिक्षेत निवड नको, हे तुम्हीच शिकवलंत,” तो आता बुवांना म्हणाला.

“शिकवलं.”

“मग मला मोडायला का सांगता?”

बुवांनी हात पुढे करून मार्तंडाची ओली झोळी ओढून घेतली. त्यातली मटकीची उसळ चिमूटभर तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिले...

“तिखट आहे,” ते म्हणाले.

“धुतलेली आहे, बुवा.”

“तरी तिखट आहे.”

मार्तंडाला वाटत होतं की आपलीच जीभ आजाराने हुळहुळी झाली आहे, म्हणून धुतलेलं अन्नही भाजतं. पण आत्ताच मूठभर ठेचा रिचवलेल्या माणसाने हे म्हणावं... तो झोळीकडे पाहत राहिला.

“ही कुणाकडची?” बुवांनी विचारलं.

“सरूआक्कांची.”

“उद्या मीही येतो तिच्याकडे.”

दुसऱ्या दिवशी दोघं सरूआक्काच्या दारात उभे राहिले. मार्तंड पुढे, बुवा दोन पावलं मागे.

“ॐ भवति भिक्षां देहि.”

आक्का लगबगीने बाहेर आली. पदराने ताट धरलं होतं. भाकरी, मटकीची लालभडक उसळ, शेंगदाण्याची चटणी.

मार्तंडाने झोळी पुढे केली. मग मागे घेतली.

आक्का थांबली. मागे बुवा थांबले होते. मार्तंडाने एकदा वळून पाहिलं. बुवा रस्त्यावरच्या म्हशीकडे पाहत होते, जणू ते म्हशीलाच भेटायला आले होते.

“आक्का...” मार्तंडाने झोळी मुठीत गोळा केली. “माझं पोट बिघडलंय.”

“आँ?”

“संग्रहणी आहे. मला हे सोसत नाही. मऊ भात... मिळेल का?”

आक्काने ताट खाली ठेवलं.

“कवापासनं हाय म्हाराज हे?”

“दिवाळीपासून.”

“दिवाळीपासनं!” ती मटकन उंबऱ्यावरच बसली. “आन् मी मेली... तुमी सगळं नदीत धुता म्हनून मी तिखट दुप्पट घालत हुते. म्हटलं, नदीनं कितीबी नेलं तरी म्हाराजांच्या घासाला जराशी चव ऱ्हाईल. मी एकलीच न्हाई. गावातल्या समद्याजनी तसंच करतोय की!”

जितकं मार्तंड धुवत होता, तितकं त्या घालत होत्या. मायेने घालत होत्या, हे तर आणखीच वाईट. लाजेने त्याचे कान तापले.

“आदी का न्हाई सांगितलं वं?” आक्का रडू लागली. “आमी काय परक्या हाय?”

तिने डोळे पुसले आणि आत धावली. दोघं ओसरीवर टेकले. बऱ्याच वेळाने ती वाफाळता भात घेऊन आली. शितं बोटाने चिरडतील इतका मऊ शिजवलेला, वर ताजं ताक. मार्तंडाने तिथेच ओसरीवर बसून खाल्लं. ती समोर बसून प्रत्येक घासाकडे पाहत होती. कितीतरी दिवसांनी त्याच्या पोटाने कुरकुर केली नाही.

परतताना घाटावर परगावचे एक आजोबा सुनेला घेऊन बसले होते. मार्तंडाला पाहताच दोघं हात जोडून उठले.

“महाराज, आज झोळी बुडवायची ना? तेवढ्यासाठी आलोय लांबून.”

मार्तंडाने रिकाम्या झोळीकडे पाहिलं.

“नाही, आजोबा. ते जीभ जिंकलेलं वगैरे काही नव्हतं. मला तिखट सोसत नाही, म्हणून धुवत होतो.”

“असं होय...” आजोबा म्हणाले. जोडलेले हात हळूच सुटले. त्यांनी सुनेला खूण केली आणि दोघं वाटेला लागले. सुनेने जाता जाता एकदा मागे वळून पाहिलं, तेही बुवांकडे.

मार्तंड ते दिसेनासे होईपर्यंत उभा होता. छातीत काहीतरी खुपत होतं आणि हलकंही वाटत होतं. दोन्ही एकदमच.

मठात आल्यावर बुवांनी आपली झोळी सोडली. आक्काने मार्तंडासाठी आणलेलं ते तिखटजाळ ताट शेवटी त्यांच्याच झोळीत आलं होतं. त्यांनी बैठक मारली आणि उसळीला हात घातला.

“बुवा,” मार्तंड म्हणाला, “नेम मोडला माझा.”

“हं.”

“प्रायश्चित्त काय घेऊ?”

बुवांना ठसका लागला. मार्तंडाने तांब्या पुढे केला. पाणी पिऊन त्यांनी डोळे पुसले.

“भात कसा होता?”

“छान होता. मऊ.” मार्तंड जरा थांबला. मग त्याच्या आवाजात जुना ताठा थोडासा डोकावला. “अळणी होता. पथ्याला मीठ चालत नसेल असं वाटलं असावं आक्कांना. पण मी चकार शब्द काढला नाही. तसाच खाल्ला.”

“वैद्याने मीठ बंद केलंय?”

“नाही.”

बुवांनी नाक पुसलं आणि उसळीचा पुढचा घास उचलला.

“उद्या मीठ माग.”