सरडा आणि मोत्याची नथ

एका गावात दोन जावा राहायच्या आणि त्यांच्या घरात दोन पाळीव सरडे. गावाची रीतच तशी. नवी सून आली की सासू तिच्या ओंजळीत पाला खाणारा हिरवा सरडा ठेवायची. दसऱ्याला सरडे अंगणातल्या शेवग्याखाली सोडायचे. जिचा सरडा शेंडा गाठेल, तिला सासू त्या दिवशी आपली मोत्याची नथ घालायला द्यायची.

दरवर्षी नथ थोरलीच मिरवायची. धाकटी बोलायची कमी, पण तिचे डोळे सतत थोरलीच्या नाकावर. नथ नसली तरी तिथेच.

"जाऊबाई, तुमच्या सरड्याला काय घालता हो?" तिने एकदा विचारलं.

"पाला. आणखी काय घालणार? सरडा आहे गं तो, जावई नव्हे."

लपवतेय ही, धाकटीला वाटलं. नुसत्या पाल्यावर असं तेज येतं होय? मग तिने आपल्या सरड्याला आधी अंडं भरवलं, मग मासळी, मग कलेजी. सरडा गुबगुबीत झाला, चकाकू लागला.

"धाकटीच्या हाताला गुण आहे हो!" सासूबाई म्हणाल्या.

थोरलीचं तोंड एवढंसं झालं. ते पाहून धाकटीला असं बरं वाटलं, की तिने कलेजी आणखी वाढवली.

एके सकाळी धाकटीच्या सरड्याच्या पिंजऱ्याशी केर काढता काढता थोरली थबकली.

"काय झालं, जाऊबाई?"

"कुठे काय? काही नाही."

दसरा उजाडला. धाकटीच्या सरड्याने बुंध्यावर एक पाय टेकवला आणि तिथेच थांबला.

"चल की रे!" तिने मागून हलकेच ढोसलं. तो खाली पडला. तिने उचलून पाहिलं, तर बोटांची पेरं हरभऱ्यासारखी टम्म फुगलेली.

वैद्यबुवा म्हणाले, "पाला खाणाऱ्या जिवाला मांस घातलंस, पोरी. त्याचा मळ रक्तात साठला आणि सांध्यांत खडे होऊन बसला. पाला दे, पाणी दे. जगेल. बोटं मात्र पुन्हा वळतीलच असं नाही."

संध्याकाळी थोरली आली. नाकातली नथ काढून तिने पुढे धरली. "त्या दिवशी केरात पांढरे, वाळूसारखे खडे दिसले होते मला. सरड्याचं काहीतरी बिनसलंय, हे कळलं होतं. बोलले नाही. तुझं कौतुक सोसवेना."

धाकटीने पहिल्यांदाच तिच्या नाकाऐवजी डोळ्यांकडे पाहिलं.

"नथ राहू द्या, जाऊबाई. पाला तोडायला चला. कोवळा हवाय, आणि शेंड्यापर्यंत आता तुमचाच सरडा काय तो जातो."

दोघींना हसू आलं, आणि लगेच रडूही.

त्या सरड्याची बोटं काही वळली नाहीत. रोज सकाळी धाकटी त्याला उचलून शेवग्याच्या बेचक्यात ठेवते आणि पाला खाऊन होईतो खाली उभी राहते.

तात्पर्य: ज्याला भरवायचं त्याच्या तोंडाकडे पाहावं, दुसरीच्या नाकाकडे पाहत भरवलेला घास अंगी लागत नाही.